'द काइट रनर': आमिर सुटला का? सोलापूरकरांनो, आमचं भांडण सोडवा

चादरवाला | रविवार, रात्री १०:५०

आम्ही चौघं दर रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर बसतो. महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं, असं ठरलेलं आहे. या महिन्यात खालिद हुसैनींची 'द काइट रनर' होती. कादंबरी २००३ ची, आम्हाला आता सवड मिळाली. आज त्यावरून एवढं वाजलं की एक जण चहा अर्धा टाकून निघून गेला.

ज्यांनी वाचली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

काबूलमध्ये श्रीमंत पश्तून घरातला आमिर आणि त्यांच्या नोकराचा, अलीचा मुलगा हसन. हसन हजारा, म्हणजे पश्तून लोक हलकी समजतात त्या जमातीतला. दोघं एकत्र वाढलेले. १९७५ च्या हिवाळ्यात पतंगांची स्पर्धा आमिर जिंकतो, शेवटचा कापलेला पतंग आणायला हसन पळतो, आणि एका गल्लीत असेफ नावाचा पोरगा त्याच्यावर अत्याचार करतो. आमिर कोपऱ्यावर उभा राहून बघतो आणि पळून जातो. पुढे हसन डोळ्यांसमोर नको म्हणून स्वतःचं घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली ठेवतो. चोरीचा आळ. बाप-लेक घर सोडून जातात.

सव्वीस वर्षांनी आमिर अमेरिकेतून परत येतो. हसनला तालिबानने मारलेलं असतं. त्याच्या मुलाला, सोहराबला, आमिर जिवावर उदार होऊन सोडवून आणतो.

माझं म्हणणं: सुटला नाही. ज्याचं देणं लागत होता त्याला दिलंच नाही, वारसाला दिलं. बाकी तिघं म्हणतात, एवढा मार खाल्ला, पोराला घर दिलं, अजून काय पाहिजे? तुम्ही सांगा.

कडक_भाकरी | रविवार, रात्री ११:०५

काय बे, तलावाकाठी बसून काबूलवर भांडालालाव? भेळ थंड झाली असंल की.

अर्धा चहा टाकून गेला त्याचे पैसे कोणी दिले, ते आधी सांग. मग बघू कोण सुटलं ते.

चादरवाला | रविवार, रात्री ११:०८

मीच दिले. म्हणून तर राग आहे.

पार्कचौक | सोमवार, सकाळी ८:२०

आमिर तेव्हा बारा वर्षांचा होता हो. बाराव्या वर्षी आपण काय होतो? शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला चार जण बडवत असताना मी वहीत डोकं घालून बसलेलो आहे. आपल्यातल्या कितीजणांनी मध्ये उडी घेतली? भीती हा गुन्हा नाही. पुढे चाळिशीला आलेला माणूस सुखाचा संसार सोडून तालिबानच्या काबूलमध्ये जातो, ते बघा. मी तर म्हणतो फेडलं, आणि व्याजासकट.

चादरवाला | सोमवार, सकाळी ९:०२

गल्लीतलं मी सोडून दिलं, भीती समजतो. पण घड्याळ? तिथे कोण अंगावर आलं होतं? दुपारी शांतपणे गादी उचलून खाली ठेवलं. गल्लीतलं घडून गेलं, हे त्याने घडवून आणलं. आमच्यात भांडण नेमकं इथंच लागलं.

मूषकराज | सोमवार, दुपारी १:१५

अलोकप्रिय मत मांडतो. पहिला निम्मा भाग थोर, दुसरा निम्मा हिंदी सिनेमा.

लहानपणीचा खलनायक असेफ मोठेपणी नेमका तालिबानचा अधिकारी. सोहराब नेमका त्याच्याच ताब्यात. हसनने लहानपणी गलोल रोखून 'तुझा डोळा फोडीन' अशी धमकी दिलेली, त्याचा मुलगा नेमका गलोलीनेच असेफचा डोळा फोडतो. हसनचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला, तर मार खाऊन आमिरचाही नेमका तोच ओठ फाटतो. वर हसन म्हणजे बाबांचाच, आमिरच्या वडिलांचाच मुलगा, आमिरचा सावत्र भाऊ. एवढे 'नेमके' एका कादंबरीत? लेखकाने हिशेबाची वही आधी जुळवली आणि गोष्ट नंतर लिहिली, असं वाटत राहतं. पापक्षालन मोजून-मापून दिलं की मला त्याचा संशय येतो.

डाळिंबदादा | सोमवार, रात्री ८:४०

मी सांगोल्याकडचा, घरची भगव्या डाळिंबाची बाग आहे. साहित्यातलं कळत नाही. बायकोने वाचायला लावली, कारण यात डाळिंब आहे.

कबरस्तानाजवळ डाळिंबाचं झाड, त्यावर पोरांनी चाकूने दोघांची नावं कोरलेली. पुढे आमिर त्याच झाडाची डाळिंबं हसनला फेकून मारतो, 'मला उलटं मार' म्हणून ओरडतो. हसन मारत नाही. एक डाळिंब उचलतो आणि स्वतःच्याच कपाळावर फोडून घेतो. हे मी दोनदा वाचलं. पिकलेलं फळ जवळून फेकलं तर काय लागतं ते आम्हाला विचारा, तोडणीच्या वेळी पोरं मस्ती करतात तेव्हा बघतो. आणि तो डाग! शर्ट फाटतो पण डाग जात नाही.

हसनच्या पत्रात पुढे येतं की त्या झाडाला कित्येक वर्षांत फळ नाही. आम्ही बहार धरायच्या आधी बाग ताणावर सोडतो, म्हणजे पाणी तोडतो, पानगळ होते. मग छाटणी, खत, पाणी दिलं की फुलं लागतात. ताण दिल्याशिवाय डाळिंब नीट फुलत नाही. पण ताणालाही हिशेब असतो. तोडलेलं पाणी परत दिलंच नाही तर झाड नुसतं उभं राहतं. जळत नाही, फळतही नाही. मला आमिर तसा वाटला. सव्वीस वर्षं ताणावर.

कडक_भाकरी | सोमवार, रात्री ८:५५

दादा, 'साहित्यातलं कळत नाही' म्हणून लई भारी बोलून गेलाव. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात कादंबरी विभाग काढायला सांगा. आणि एक पेटी पाठवा, समीक्षेसाठी.

डाळिंबदादा | सोमवार, रात्री ९:१०

औंदा बागेवर तेल्या रोग आलाय भाऊ. पेटी नाही, औषधाचं बिल पाठवतो.

गड्डा_स्पेशल | मंगळवार, सकाळी ७:३०

पतंगांवर कोणी बोलतच नाही! काबूलमध्येही काचेची पूड लावलेला मांजा, बोटं कापेपर्यंत खेळ, आणि गुल झालेल्या पतंगामागे गल्लीभर पळणारी पोरं. वाचताना वाटलं की आमच्या गच्चीवरचंच लिहिलंय. मी कायम फिरकी धरणारा होतो. उडवणारा चुलतभाऊ. तो जिंकला की तो जिंकला, हरला की 'तू ढील नीट दिली नाहीस'. म्हणजे मी हसन पार्टी.

नायलॉन मांजा मात्र कोणी वापरू नका. २०१७ ला हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी चोरून मिळतो. गेल्या संक्रांतीला आमच्या शेजाऱ्याच्या गळ्याला टाके पडले.

(विषयांतराबद्दल क्षमस्व.)

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ११:४५

दोन-तीन गोष्टी ध्यानात आणून देतो.

एक, बाबांचं तत्त्वज्ञान आठवा. जगात पाप एकच, चोरी. खोटं बोललात तर समोरच्याचा सत्यावरचा हक्क चोरलात. असं शिकवणारा बाप स्वतः काय करत होता? अलीची अब्रू, हसनचं नाव, आमिरचा भाऊ, तिन्ही चोरून बसला होता. पार्कचौक म्हणतात भीती हा गुन्हा नाही, मान्य. पण त्या घरात गुन्हा लपवण्याची रीत आमिरच्या आधीपासून होती.

दोन, बाबांचा मित्र रहीम खान. सगळे त्याला साधू समजतात. हाच मनुष्य आमिरला सांगतो की पेशावरमध्ये एक अमेरिकन जोडपं अनाथाश्रम चालवतं, सोहराबला तिथे आणून सोड. आमिर जीव धोक्यात घालून मुलाला आणतो, तर असं जोडपं मुळात नसतंच! चांगलं होण्याचा मार्ग दाखवणाराही थाप मारूनच दाखवतो.

तीन, ज्यावर कोणी बोललं नाही. सोहराबला आमिर शब्द देतो की तुला पुन्हा अनाथाश्रमात ठेवणार नाही. इस्लामाबादेत व्हिसाची अडचण येते आणि तोच म्हणतो, थोडे दिवस राहावं लागेल. त्या रात्री ते पोर न्हाणीघरात हाताची शीर कापून घेतं. सगळा मार खाऊन झाल्यावर, असेफ संपल्यावर, आमिर पुन्हा एकदा शब्द मोडतो. त्यामुळे मूषकराज, हिशेब जुळवलेला आहे हे मला पटत नाही. जुळलेला हिशेब लेखकाने तिथे पुन्हा विस्कटला आहे.

मूषकराज | मंगळवार, दुपारी १२:१०

मास्तर, तिसरा मुद्दा मान्य. ओठाचा माझा मुद्दा तरी राहू द्या.

तेंदूपान | मंगळवार, रात्री ११:२०

धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

सगळे आमिर सुटला का तेच विचारताहेत. हसनबद्दल बोलताना 'किती निर्मळ' म्हणतात आणि पुढे जातात. मला पुस्तक वाचताना हसनचाच राग आला, आणि नंतर त्याला तसा लिहिणाऱ्याचा.

माझी आई विड्या वळायची. आमची मातृभाषा तेलुगू, पूर्वभागातलं घर. विड्यांवर भागेना म्हणून एका घरी धुणीभांडी करायची. त्या घरातली मुलगी माझ्याच वयाची, सहावीतली. तिची जुनी पुस्तकं मला, माझ्याकडून तिला गजगे. चांगली मैत्री होती, आजही खोटी होती असं म्हणणार नाही.

जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, ती घरी न सांगता माझ्याबरोबर आली. होम मैदानावर आकाशपाळण्यात बसलो. वर गेल्यावर वाऱ्याने तिची ओढणी तोंडावर आली, तिने ती ओढून काढली आणि एका कानातलं सोन्याचं फूल गेलं. खाली उतरून मातीत किती शोधलं. तिने दुसरंही काढून रुमालात बांधलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली.

दोन दिवसांनी तिने घरी सांगितलं की कानातली काढून खिडकीत ठेवली होती. आणि त्या दिवशी खिडकी कोणी पुसली होती?

तिची आई आमच्या घरी आली. माझी आई सूप मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी भिजवून कापलेली पानं ओल्या फडक्यात. त्यांनी ट्रंक उघडली, अंथरुणं झटकली, मग काही सापडेना म्हणून सूप उचलून पालथं केलं. तंबाखू सगळ्या घरभर. माझा लहान भाऊ शिंकायला लागला आणि थांबेना. ती मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती.

आता ऐका, मी का बोलले नाही. बाबा विचारतात 'चोरलंस का', आणि हसन 'हो' म्हणतो. सगळे त्याला त्याग म्हणतात. मी अकरा वर्षांची होते, माझ्यात कसला त्याग? मी हिशेब केला. खरं बोलले तर विश्वास कोण ठेवणार? ती 'नाही' म्हणाली की मी चोर आणि वर खोटारडी. गप्प बसले तर निदान ती माझी राहील. हिशेबही चुकला, ती राहिली नाही. पुन्हा कधी बोललीच नाही.

हसनलाही हे कळत असणार. नोकराच्या पोराला कुठल्या घरात कोणाचा शब्द चालतो ते चालायच्या आधी कळतं. पण लेखक त्याला चिडूच देत नाही. मोठेपणी पत्र लिहितो, त्यातही राग नाही. आमिरला सुटता यावं म्हणून हसनला रागाशिवाय ठेवलंय, असं मला वाटतं.

आईचं काम गेलं. दोन महिन्यांचा पगार त्यांनी 'भरपाई' म्हणून ठेवून घेतला. त्या दिवशीच्या विड्या कमी भरल्या, पानं वाळली, कारखान्यात छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघाली.

पार्कचौक | मंगळवार, रात्री ११:४८

ताई, काय लिहावं कळत नाही. माझं 'व्याजासकट' मागे घेतो.

शुभविचार | बुधवार, सकाळी ६:१०

ताई माफ करून टाका 🙏 राग धरून आपलंच नुकसान होतं. मन हलकं होईल. शुभ सकाळ.

तेंदूपान | बुधवार, सकाळी ९:३०

शुभविचार, माझं मन जड आहे असं मी कुठे लिहिलंय? दोन मुलं आहेत, नोकरी आहे, आईला कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालंय. मी फक्त पुस्तकाबद्दल बोलत होते.

कडक_भाकरी | बुधवार, सकाळी ९:३४

शुभविचार, फुलांचा फोटो राहिला बे टाकायचा.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी १०:५०

तेंदूपान, आपलं लिखाण वाचून परत ते प्रकरण काढलं. बाबा तर हसनला लगेच क्षमा करून मोकळे होतात. निघून जायचं ठरवतो तो अली. बाबा रडतात, थांबवतात, तो थांबत नाही. इतके दिवस मी अलीला दुबळा समजत होतो. त्या घरात 'नाही' म्हणणारा तो एकटाच निघाला.

गादीबद्दलही एक आठवण. परत आल्यावर आमिर वाटेत एका गरीब घरी मुक्काम करतो आणि निघताना त्यांच्या गादीखाली मूठभर नोटा ठेवतो. पूर्वी आळ घालायला ठेवल्या होत्या, आता द्यायला.

चादरवाला | बुधवार, दुपारी ३:१५

आणि तेव्हाही न सांगताच ठेवतो! हातात देऊन, तोंडाने बोलून नाही. मास्तर, हे माझ्याच बाजूचं आहे.

तेंदूपान, विचारू का? नको असेल तर सोडून द्या. ती मैत्रीण पुन्हा कधी भेटली?

गड्डा_स्पेशल | बुधवार, दुपारी ३:४०

२००७ ला यावर सिनेमाही आलाय. त्यातल्या अफगाण मुलांना त्या गल्लीतल्या प्रसंगामुळे धोका होईल म्हणून प्रदर्शनाआधी देशाबाहेर, अमिरातीत हलवावं लागलं होतं. आपण इथे बसून 'सुटला का' विचारतोय, तिथे ते दृश्य करणाऱ्या पोरांना घर सोडावं लागलं.

तेंदूपान | बुधवार, रात्री १०:०५

भेटली. २०१९ ला. पुण्यात असते. फेसबुकवर शोधलं आणि सरळ घरीच आली. आई तेव्हा माझ्याकडे होती.

चहा होईपर्यंत नीट बोलली. आई आत गेल्यावर पर्समधून छोटी डबी काढली. सोन्याची फुलं, तशीच, माझ्या मुलीसाठी. 'मला झोप लागत नाही गं' म्हणाली. रडली. मी पाठीवर हात ठेवला. रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. 'माफ केलं' हे शब्द तिला पाहिजे होते, ते मला कळत होतं. तोंडातून आले नाहीत. आईच्या वाट्याची माफी मी कशी देणार? आणि आईला सांग म्हटलं तर ती म्हणाली, 'त्यांना आता या वयात कशाला त्रास.'

आईने तिला पाव किलो शेंगा चटणी बांधून दिली. 'लहानपणीची मैत्रीण आठवण ठेवून आली' म्हणून चार दिवस खूश होती.

डबी कपाटात आहे. मुलीला अजून दिली नाही, परतही पाठवली नाही.

पार्कचौक | बुधवार, रात्री १०:३०

म्हणजे आमिर आला, आणि हसन जिवंत होता. आपण ज्यावर भांडतोय ते प्रत्यक्षात घडलं, तरी उत्तर नाहीच.

मूषकराज | बुधवार, रात्री १०:४१

शेवटच्या पानावर सोहराब पतंग बघून किंचित हसतो, ओठाचा एक कोपरा फक्त. आमिर त्याच्यासाठी पतंगामागे पळतो. मी त्याला गोडगोड शेवट म्हणायचो. आता वाटतंय, लेखकाने तेवढंच दिलं ते बरं केलं. ओठाचा मुद्दाही मागे घेतो, अर्धा.

चादरवाला | गुरुवार, रात्री ९:००

रविवारी परत बसतोय, चहा टाकून गेलेलाही येतोय. 'सुटला नाही' यावर मी कायम आहे, पण कारण बदललं. तो मोकळा होण्यासाठी आला, हसनच्या घरचं काय गेलं ते मोजायला नाही. तेंदूपान, जमलं तर या. आईंनाही आणा.

तेंदूपान | शुक्रवार, रात्री ९:४५

रविवारी नाही जमणार, मुलीची परीक्षा आहे. पण एक सांगायचं होतं.

तुमच्या धाग्यामुळे काल कुंभारीला गेले तेव्हा आईला गोष्ट सांगितली, तेलुगूत, सगळी. गल्लीतलं जरा आडूनच सांगितलं. ती निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकत होती. घड्याळ गादीखाली ठेवलं इथपर्यंत आले, अली आणि हसन निघाले ते सांगितलं. पाऊस पडत होता, मालकाने स्वतः गाडीतून स्टँडवर सोडलं.

आईने विचारलं, "त्या म्हाताऱ्याचा पगार दिला का, निघताना?"

मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही.

तिने ताट पुन्हा मांडीवर ओढलं. "आणि ती पुण्याची पोरगी," म्हणाली, "तिला चटणी आवडली का गं?"